दगड

आमच्या गल्लीत दोन बहिणी होत्या, बोलणं बंद असलेल्या,
आणि एक दगड होता.

आई गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा
झेनोबियाला पिंप मिळालं, ओकच्या फळ्यांचं,
आणि गेनोवेफाला दगड:
नारेव नदीतून काढलेला, राईच्या पावाएवढा, चपटा,
साठ वर्षं मिठाच्या पाण्यात बुडून
साबणासारखा गुळगुळीत.
पिंपाशिवाय दगड म्हणजे नुसता दगड.
दगडाशिवाय पिंप म्हणजे काकड्या तरंगणार,
आणि वर आलेली काकडी बुरसणार.
(वाटणी करणारा मामा फार हुशार होता
की फार बिनडोक, यावर गावात अजून दोन मतं आहेत.)

ऑगस्ट लागला की गेनोवेफाची हाक यायची.
मी नऊ वर्षांचा, माझ्याकडे एकचाकी हातगाडी.
गल्ली ओलांडायची मजुरी एक काकडी,
तिसऱ्या दिवसाची, पुरती न मुरलेली,
चावली की शेजारच्या कुत्र्याने मान वर करावी अशी.

दगडासोबत निरोप असायचे.
सांग तिला, मीठ मोजून घाल.
सांग तिला, दहा लिटरला पाच मुठी, मला ठाऊक आहे.
सांग तिला, चेरीची पानं घाल, ओकची कडू होतात.
सांग तिला, आई ओकचीच घालायची.
चाळीस पावलांचं अंतर.
निरोपातलं मीठ मी वाटेत थोडं सांडायचो.

मला मिसरूड फुटली त्या वर्षी हाक आली नाही.

झेनोबियाने काकड्या आणल्या, दव असतानाच खुडलेल्या,
बोटाएवढ्या, काटेरी,
विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या.
शेपू आणला, भाजीचा कोवळा नव्हे,
बी धरलेला, छत्र्या करड्या पडलेला, दांड्यांसकट.
लसूण न सोलता ठेचला.
ख्शानाचं मूळ किसताना नाक पुसत
कुणाला तरी शिव्या दिल्या.
सगळं थरावर थर लागलं.
दगड नाही.

मग ताटली. ताटलीवर पाण्याने भरलेली बरणी.
बरणीवर इस्त्री.
मांजराला हाकलून पुन्हा इस्त्री.
तिसऱ्या दिवशी पिंप बुडबुडू लागलं, ताटली कलली
आणि कडेने काकड्या वर आल्या,
गल्लीत काय चाललंय ते बघायला आल्यासारख्या.
चौथ्या दिवशी पांढरी साय.

"मुद्दाम करतेय," झेनोबिया म्हणाली,
"पाणी कुठेतरी मुरतंय."
तिने चर्चला जायचा रुमाल डोक्याला बांधला
आणि अकरा वर्षांनी गल्ली ओलांडली.
मी मागोमाग, सवयीने, गाडी घेऊन.

दार उघडं होतं. उंबऱ्यावर दगड,
घासूनपुसून टॉवेलात गुंडाळलेला.
बाजूला खुर्चीत गेनोवेफा,
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.
तिने माझ्याकडे पाहिलं.
"सांग तिला, दरवर्षी हाक मीच का मारायची?"
मी सांगायला तोंड उघडलं.
"ऐकू आलं," झेनोबिया म्हणाली.

मग बराच वेळ कुणीच काही नाही.

"हात?"
"शिडी."
"सांगायचं नाही?"
"कुणाला?"

मी गाडी पुढे केली, ती कुणी पाहिलीच नाही.
झेनोबियाने दगड पोटाशी धरून उचलला,
गेनोवेफाने डाव्या हाताने खालून टेकू दिला,
ज्याचा काडीचा उपयोग नव्हता,
आणि दोघी खेकड्यासारख्या तिरप्या तिरप्या
गल्ली ओलांडून गेल्या.

साय काढली. सात काकड्या डुकराला.
दगड आत गेला तेव्हा
पाण्याने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला.
दोघी पिंपात वाकल्या, वास घेत राहिल्या.

"ओकची घातलीस."
"ओकचीच."
"कडू होणार."
"होऊ दे."

मी रिकामी गाडी ढकलत घरी आलो.
त्या वर्षी माझी काकडी मला कुणी दिली नाही.
कुणाच्या लक्षातच आलं नाही.